वरकवी बेंद्रे : घरी मराठी, अंगणात कन्नड

३१ जानेवारी हा कन्नड कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्मदिन. मराठी घरात जन्मलेल्या या शिक्षकाने कन्नड कविता वैभवाला नेली आणि तरीही मराठीशी असलेले नाते शेवटपर्यंत राखले. एकाच वर्गात चार भाषांची मुले बसतात, अशा आजच्या शाळेला त्यांचे चरित्र बरेच काही सांगू शकते.

हुबळी आणि धारवाड या दोन शहरांच्या मध्ये नवनगर ही वसाहत आहे. कर्करोग रुग्णालय आणि कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ यांमुळे तिचे नाव आता दूरवर पोहोचले आहे. ही दोन्ही शहरे १९६२ मध्ये एका महापालिकेत आली, पण त्यांचे स्वभाव वेगळेच राहिले. हुबळी बाजारपेठेची आणि रेल्वेची, तर धारवाड शाळा-महाविद्यालयांचे, कवींचे आणि गवयांचे. या दोघांना जोडणाऱ्या, नवनगरवरून जाणाऱ्या रस्त्यावर ज्या खासगी बसगाड्या अनेक वर्षे धावल्या, त्या सेवेला बेंद्रे यांचे नाव होते. कवीचे नाव रोजच्या प्रवासाला दिले जावे, हे भाग्य फार थोड्या साहित्यिकांना लाभते.

हुबळी-धारवाडच्या कोणत्याही शाळेत डोकावले तर फळ्यावर कन्नड किंवा इंग्रजी दिसते. बाकांवर मात्र कन्नड, उर्दू, मराठी, कोकणी, तेलुगू आणि सावजी समाजाची घरबोली अशा कितीतरी भाषा शेजारी शेजारी बसलेल्या असतात. हे चित्र गोमंतकीय वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना मॅट्रिकसाठी आणि पुढील शिक्षणासाठी बेळगाव-धारवाडची वाट धरणारे विद्यार्थी आपल्याकडे पुष्कळ होते. आज वाट उलटी वळली आहे. उत्तर कर्नाटकातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळांत, मराठी आणि कोकणी वर्गांत शिकत आहेत. घरची भाषा एक आणि वर्गाची दुसरी, हा अनुभव त्यांचा रोजचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी धारवाडच्या गल्लीत वाढणाऱ्या एका मुलाचाही तोच अनुभव होता.

दोन भाषांचे बालपण

बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे चित्पावन, घरात संस्कृत विद्येची परंपरा आणि बोलण्यात मराठी. वडील रामचंद्रभट्ट हे संस्कृतचे जाणकार होते. मुलगा बारा वर्षांच्या आसपास असताना त्यांचे निधन झाले आणि संसाराचा भार आईवर पडला. आईचे नाव अंबिका. पुढे कवी म्हणून टोपणनाव घेण्याची वेळ आली तेव्हा बेंद्रे यांनी अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त, हे नाव धारण केले. ज्या आईच्या घरात मराठी बोलली जाई, तिचेच नाव कन्नड काव्याच्या शिरोभागी कायमचे कोरले गेले.

घराबाहेर कन्नड होती, आणि ती ग्रंथातली नव्हे. शेजारणींच्या बोलण्यातली, जात्यावरच्या गाण्यांतली, लावणीतली, जत्रेतली. तिच्यात मराठी शब्द सहज मिसळत. मराठीतली खानावळ धारवाडच्या कन्नडमध्ये आजही खानावळच आहे. उलट दिशेनेही देवघेव झालेली आहे. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता, खलबत्ता हे आपले घरगुती शब्द कन्नडकडून आले, असे अभ्यासक मानतात. या मिश्र बोलीकडे पंडितांनी पुष्कळदा नाक मुरडून पाहिले. बेंद्रे यांनी मात्र तिलाच काव्याच्या सिंहासनावर बसवले. लावणी आणि त्रिपदीचे लोकछंद घेऊन त्यांनी धारवाडी कन्नडला जो नाद दिला, त्यामुळे लोक त्यांना वरकवी म्हणू लागले.

ज्या शहरात हे घडले, त्या शहराच्या शाळांचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. पेशवाईच्या अस्तानंतर धारवाडचा मुलूख मुंबई इलाख्यात आला. कारभाराची आणि शाळेची भाषा म्हणून तेथे मराठीचे वर्चस्व होते. घरी कन्नड बोलणारी मुले शाळेत मराठी गिरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर शिक्षण खात्यातील रसेल हे इंग्रज अधिकारी आणि डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारखे एतद्देशीय अधिकारी यांनी कन्नड शाळा उभ्या करण्यासाठी झटून काम केले. १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, तोही कन्नड विद्येला बळ देण्याच्या याच तळमळीतून. मराठी वाचकाने हा इतिहास मोकळ्या मनाने वाचला पाहिजे. वर्गातून मुलाची भाषा हद्दपार होणे म्हणजे काय, हे सीमाभागातील मराठी माणूस आज जितक्या तीव्रतेने जाणतो, तितक्याच तीव्रतेने ते धारवाडच्या कन्नड माणसाने त्या काळी जाणले होते.

तरीही मराठी त्या शहरातून नाहीशी झाली नाही. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत १९०४ मध्ये धारवाडच्या सरकारी हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०५ रोजी, हुबळीत प्लेगने त्यांचा अंत झाला. बेंद्रे तेव्हा नऊ वर्षांचे होते. एका भाषेत नवी कविता आणणारा कवी ज्या भूमीत विसावला, तिथेच दुसऱ्या भाषेत नवी कविता आणणारा मुलगा वाढत होता.

पुणे आणि परतीची वाट

१९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर काकांच्या आधाराने बेंद्रे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. टिळकांचे, केसरीचे, नाट्यगृहांचे आणि व्याख्यानांचे ते पुणे होते. मराठी घरातल्या हुशार तरुणाने तेथे मराठी लेखक व्हावे, हे अगदी स्वाभाविक ठरले असते. बेंद्रे यांनी मराठी साहित्य आवडीने वाचले, संस्कृत आणि इंग्रजीचा अभ्यास केला, पण लेखणी वळली ती कन्नडकडे. १९१८ मध्ये पदवी घेऊन ते धारवाडला परतले आणि तेथील व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक झाले. पुढच्या वर्षी लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. या संसाराने सुखापेक्षा दुःखेच अधिक पाहिली. अनेक अपत्ये अकाली गेली. त्या शोकातून कन्नडमधील काही अत्यंत हृदयस्पर्शी कविता जन्मल्या. सहजीवनाची कहाणी त्यांनी पुढे 'सखीगीत' या काव्यात मांडली.

शिक्षक बेंद्रे शाळेच्या घंटेपुरते शिक्षक नव्हते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांच्याभोवती तरुणांचे एक मंडळ जमले. त्याचे नाव गेळेयर गुंपु, म्हणजे मित्रांचा मेळा. पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी एकत्र येत होते, त्याच दशकातली ही गोष्ट. या मेळ्यात विनायक कृष्ण गोकाक होते, रं. श्री. मुगळी होते, शं. बा. जोशी होते. गोकाक पुढे स्वतः ज्ञानपीठाचे मानकरी झाले. शं. बा. जोशी यांनी कन्नड आणि मराठी संस्कृतींच्या मुळांचा शोध घेतला आणि मऱ्हाटी संस्कृतीवर थेट मराठीत ग्रंथ लिहिला. या मंडळींनी धारवाडात नाडहब्ब, म्हणजे नवरात्रातील भूमीचा उत्सव, सुरू केला. फिरत फिरत, वाद घालत, गात शिकण्याची ही पद्धत होती. हजेरीपट नव्हता, परीक्षाही नव्हती. पण या अनौपचारिक वर्गातून एका भाषेची एक पिढी घडली.

तुरुंग आणि बेकारी

या काळाला स्वातंत्र्य चळवळीची धग होती. बेंद्रे यांची 'नरबलि' ही कविता सरकारला राजद्रोही वाटली. १९३२ मध्ये त्यांना बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात जावे लागले आणि त्यानंतर धारवाडनजीकच्या मुगद गावी नजरकैदेत राहावे लागले. त्याच वर्षी त्यांचा 'गरी' हा महत्त्वाचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. गरी म्हणजे पीस. पंख मिळालेली कविता आणि बंदिवासात गेलेला कवी असे ते वर्ष होते.

सुटका झाली, पण नोकरी मिळेना. तुरुंगातून आलेल्या शिक्षकाला पदरी घेण्याचे धैर्य संस्थांना होत नव्हते. घरात दारिद्र्य, बाहेर कीर्ती, अशी ही वर्षे गेली. याच काळात, १९३५ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली. १९४३ मध्ये शिवमोग्गा येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. साऱ्या कन्नड जगाने ज्यांना मस्तकी धरले, त्यांना स्थिर वेतनाची शिक्षकी अजून मिळालेली नव्हती.

ती मिळाली १९४४ मध्ये, आणि दिली ती सोलापूरने.

सोलापूरचा वर्ग

सोलापूरचे दयानंद महाविद्यालय १९४० मध्ये सुरू झाले होते. तेथे बेंद्रे कन्नडचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९५६ पर्यंत, बारा वर्षे, राहिले. सोलापूर हे स्वतःच एक बहुभाषी पाठ्यपुस्तक आहे. गिरण्या आणि माग यांच्या त्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच बाजारात बोलल्या जातात. शहराचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे कन्नड वचनकार, आणि त्यांच्या यात्रेत मराठी भाविक तितक्याच श्रद्धेने सामील होतात. विणकरांच्या वस्तीत तेलुगू, शेजारच्या मोहल्ल्यात उर्दू.

अशा शहरात मराठी घरातला माणूस कन्नड शिकवीत होता. येथे बेंद्रे यांच्या जीवनातली विलक्षण जुळणी दिसते. धारवाडात त्यांची घरची भाषा अल्पसंख्य होती. सोलापुरात त्यांचा अध्यापनाचा विषय अल्पसंख्यांचा होता. दोन्हीकडे त्यांना मधल्या जागी उभे राहावे लागले. ज्याने स्वतः दुसऱ्याची भाषा आपलीशी केली, त्याला विद्यार्थ्याची अडचण कुठे असते हे सांगावे लागत नाही. या वर्षांत मराठी साहित्याशी त्यांचा संबंध अधिक घट्ट झाला. त्यांनी मराठीत लेखन केले. 'संवाद' या त्यांच्या मराठी पुस्तकाला केळकर पारितोषिक लाभले. पंढरपूर सोलापूरपासून दूर नाही, आणि विठ्ठल हा त्यांच्या चिंतनाचा कायमचा विषय. ज्या देवाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले आणि ज्याच्यापाशी कन्नड हरिदास आणि मराठी वारकरी दोघेही आले, त्या देवाच्या संप्रदायावर त्यांनी मराठीत लिहिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि सोलापूर मुंबई राज्यात राहिले. त्याच वर्षी बेंद्रे सोलापूरहून धारवाडला परतले आणि आकाशवाणीच्या धारवाड केंद्राचे सल्लागार झाले. कर्नाटकाच्या एकीकरणाचे ते मनःपूर्वक पुरस्कर्ते होते. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. कन्नडवर निष्ठा ठेवण्यासाठी मराठीचा द्वेष करावा लागतो, असे मात्र त्यांच्या आयुष्यात कुठेही दिसत नाही. नकाशावर रेषा आखली गेली तेव्हा दोन्ही बाजूंना त्यांचे वाचक होते आणि विद्यार्थीही.

साधनकेरीतील वर्षे

पुढची पंचवीस वर्षे गौरवाची होती. १९५८ मध्ये 'अरळु मरळु' या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये पद्मश्री आली. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना 'नाकुतंती' या संग्रहासाठी मिळाले. त्या वर्षी ओडिया कादंबरीकार गोपीनाथ महांती हे सहमानकरी होते. नाकुतंती म्हणजे चार तारा. धारवाडच्या साधनकेरी तळ्याकाठी 'श्रीमाता' नावाच्या घरात ते राहत. येणाऱ्याजाणाऱ्याशी कन्नड, मराठी, संस्कृत यांत गप्पा चालत आणि त्या गप्पांतून विद्यार्थी शिकून जात. उतारवयात त्यांना आकड्यांच्या गूढाने वेढले. ४४१ या संख्येभोवती त्यांनी विचारांचे मोठे जाळे विणले. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्या वर्षाची आणखी एक नोंद येथे करावी लागते. त्यांच्या मित्रमेळ्यातील विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ च्या जानेवारीत कर्नाटक सरकारला अहवाल दिला. माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी, अशी तिची शिफारस होती. तिच्या अंमलबजावणीसाठी १९८२ मध्ये मोठे आंदोलन झाले. उर्दू, मराठी आणि अन्य भाषिक अल्पसंख्याकांनी तिला विरोध केला. राज्याच्या भाषेला शाळेत मान मिळाला पाहिजे, हा आग्रह रास्त होता. आपल्या मुलाची भाषा शाळेतून पुसली जाऊ नये, ही अल्पसंख्याकांची चिंताही तितकीच रास्त होती. मराठी घर आणि कन्नड कविता यांचा मेळ ज्या कवीने एका जन्मात घालून दाखवला, त्याच्या सहवासात वाढलेल्या विद्वानाच्या नावाने हा झगडा ओळखला जावा, यातून प्रश्नाची अवघडता लक्षात येते. व्यक्तीला जे साधते, ते व्यवस्थेला सहज साधत नाही.

वर्गाने काय घ्यावे

बेंद्रे यांचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की, भाषा वेगळी असली म्हणून काय बिघडते, हुशार मूल आपोआप शिकते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. बेंद्रे अपवाद होते, आणि शाळा अपवादांसाठी चालवायची नसते. शिवाय बेंद्रे यांनाही सारे आपोआप मिळाले नाही. घरी मराठीला प्रतिष्ठा होती, अंगणात कन्नडशी मैत्री होती आणि दोन्हीकडे प्रेमाची माणसे होती. घरची भाषा लपवावी असे त्यांना कधी वाटले नाही, म्हणून दुसरी भाषा त्यांना ओझे झाली नाही. सामान्य मुलाला ही परिस्थिती नशिबाने मिळतेच असे नाही. शाळेने ती निर्माण करावी लागते.

शिक्षणशास्त्राचा कौलही याच बाजूचा आहे. युनेस्कोने १९५३ मध्येच मातृभाषेतून प्रारंभिक शिक्षणाचा पुरस्कार केला. भारतीय संविधानात १९५६ मध्ये ३५० क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक जेम्स बँक्स यांनी या शिक्षणाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. सणवार, वेशभूषा आणि खाद्यपदार्थ यांचा दिवस साजरा करणे ही सर्वांत खालची पायरी. वरच्या पायरीवर धडाच वेगळ्या नजरेने शिकवला जातो, म्हणजे एकच घटना निरनिराळ्या समाजांना कशी दिसली हे मुले समजून घेतात.

गोव्यातील शाळांनी ही वरची पायरी चढायची ठरवली तर साहित्य हाताशीच आहे. कदंबांचा इतिहास शिकवताना त्या राजांचे कन्नड शिलालेख वर्गातल्या कन्नड मुलाला अभिमानाचे वाटतील. विठ्ठलाचा धडा आला की कानडा या शब्दाचा अर्थ त्याच मुलाला विचारता येईल. तूप आणि अडकित्ता यांची पाळेमुळे शोधताना शिक्षकाला त्याचीच मदत घ्यावी लागेल. अशा वेळी जे मूल मराठी नीट येत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसते, ते वर्गाचा जाणकार होते. मराठी आणि कोकणी मुलांनाही त्यात लाभच आहे, कारण आपली भाषा शेजारच्या भाषांकडून काय काय घेत आली, हे त्यांना प्रथमच कळते. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी कोणती भाषा बोलली जाते, याची शिक्षकाला नोंद हवी आणि त्या भाषेतील चार शब्द शिकण्याची तयारी हवी.

भाषेच्या प्रश्नावर गोव्याने कमी मनस्ताप भोगलेला नाही. १९८७ चा राजभाषा कायदा आणि त्यानंतर माध्यमावरून झालेले वाद अजून अनेकांच्या स्मरणात ताजे आहेत. त्या वादांत आपण मराठीच्या हक्कांविषयी बोललो आणि ते बोलणे योग्यच होते. तोच हक्क आपल्या मराठी वर्गात बसलेल्या कन्नड मुलाचाही आहे, हे मान्य केले तरच आपल्या बोलण्याला वजन येते. बेंद्रे यांना कन्नड समाजाने मराठी घरातले म्हणून परके मानले नाही. त्यांना वरकवी म्हटले आणि शहराच्या बसवर त्यांचे नाव लिहिले. वास्कोच्या किंवा म्हापशाच्या एखाद्या शाळेत आज कन्नड घरातली एखादी मुलगी मराठीची बाराखडी गिरवीत असेल. उद्या ती मराठीत लिहू लागेल तेव्हा आपणही तिला तितक्याच सहजपणे आपली म्हणायला हवे. त्याची सुरुवात आजच्या वर्गात, तिच्या घरच्या भाषेची चौकशी करण्यापासून होते.